मासेमारी नियमांच्या मसुद्यावर हरकती-सूचना कशा द्याव्यात: तयारीपासून अंतिम अधिसूचनेपर्यंत

मत्स्यव्यवसाय खात्याचा एखादा मसुदा प्रसिद्ध झाला की किनाऱ्यावर एकच प्रकार पुन्हा पुन्हा घडतो. मोबाइलवर 'आमचा या नियमांना तीव्र विरोध आहे' असा तयार मजकूर फिरतो, खाली सह्या गोळा होतात, गठ्ठा कार्यालयात जातो, वर्तमानपत्रात फोटो येतो. काही महिन्यांनी अंतिम अधिसूचना निघते आणि ज्या कलमाने पोटावर पाय येणार होता ते कलम जसेच्या तसे असते. मग 'सरकारने ऐकलेच नाही' असे आपण म्हणतो. काही वेळा ते खरेही असते. पण पुष्कळ वेळा ऐकण्याजोगे काही लिहिलेलेच नसते: कोणते कलम, कोणत्या नौकेला, कोणत्या महिन्यात, कशामुळे अडचण आणि त्याऐवजी काय हवे, यातले काहीच कागदावर नसते.

हरकतींची छाननी करणारा अधिकारी साधारणपणे कलमवार तक्ता करतो. ज्या पत्रात कलमाचा क्रमांक नाही ते 'सर्वसाधारण विरोध' या एका ओळीत जाते, सह्या कितीही असोत. आपले म्हणणे त्या तक्त्यात स्वतंत्र ओळ म्हणून उतरावे, एवढ्यासाठी हा लेख आहे. मोर्चा, निवेदन, आमदारांची भेट हे मार्ग आपापल्या जागी आहेतच. इथे फक्त कागदाचे काम.

## टप्पा १: मसुदा येण्याआधीची तयारी

सगळ्यात दुर्लक्षित टप्पा हाच. मसुद्यावर साधारण महिनाभराची मुदत मिळते आणि तेवढ्यात नोंदी तयार करता येत नाहीत. केल्या तर त्या घाईत केलेल्या दिसतात. निदान एका हंगामाची वही हाताशी असेल तर तुमचे पत्र बाकीच्या ढिगापासून आपोआप वेगळे पडते.

प्रत्येक फेरीसाठी एवढे लिहा: तारीख, बंदर, निघण्याची आणि परतण्याची वेळ, खोली (वावात; १ वाव म्हणजे ६ फूट), जाळ्याचा प्रकार, आसाचा (जाळ्याच्या छिद्राचा) आकार, माशाच्या जातीनुसार वजन, लहान मासळीचा अंदाजे वाटा, लागलेले डिझेल आणि लिलावात मिळालेला दर. लिलावाची बिले आणि संस्थेच्या पंपावरच्या डिझेलच्या पावत्या महिन्यानुसार पाकिटात ठेवा. तांडेलाच्या (नौकेवरच्या प्रमुखाच्या) अनुभवाला खात्यात मान नाही असे नाही, पण 'पूर्वी भरपूर मिळायचे, आता काहीच मिळत नाही' हे वाक्य दोन्ही बाजूंचे लोक लिहितात. मोठ्या जाळ्याने थव्याला वेढा घालणारा पर्ससीनवाला लिहितो, किनाऱ्यावरून जाळे ओढणारा रापणकार लिहितो, प्रवाहात पिशवीसारखे जाळे रोवणारा डोलवालाही लिहितो. वहीतला आकडा मात्र ज्याचा त्याचाच असतो.

माशांची लांबी मोजणार असाल तर आधी पद्धत ठरवा. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या शेवटापर्यंत मोजली की ती एकूण लांबी. शेपटीच्या खाचेपर्यंत मोजली की आकडा कमी येतो. पापलेट, सुरमई, बांगडा अशा दुभागलेल्या शेपटीच्या माशांत हा फरक चांगलाच पडतो. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान कायदेशीर आकार ठरवला आणि त्यात पापलेटसाठी १३५ मिमी ही मर्यादा आहे. अशा मर्यादेबद्दल बोलायचे तर मोजणीही त्याच पद्धतीची हवी. मोजण्यासाठी मासे निवडू नका. टोपलीत हात घालून येतील ते पंचवीस-तीस मासे मोजा आणि सगळ्यांची लांबी लिहा. फक्त मोठे किंवा फक्त लहान मासे मोजले की ते जाणकाराच्या लगेच लक्षात येते.

सावधान: नोंदीत मासेमारीच्या जागेचे नेमके जीपीएस आकडे लिहिले असतील तर ते तसेच जोडू नका. हरकतीची प्रत माहिती अधिकारात कुणालाही मिळू शकते. 'अमुक बंदरासमोर १२ ते १५ वाव' एवढे पुरते. आपली जागा आपल्याकडेच राहू द्या.

## टप्पा २: हातात आलेला कागद कोणता, ते ओळखा

इथली चूक सगळ्यात महागात पडते, कारण चुकीच्या दारावर ठोठावण्यात मुदत निघून जाते.

पहिला प्रश्न: राज्याचा की केंद्राचा? किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते. तिथे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ आणि त्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्त्या लागू होतात. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र, तिथे केंद्राचे नियम. या क्षेत्रासाठी केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये नवे नियम अधिसूचित केले: यांत्रिकी आणि मोठ्या मोटारयुक्त नौकांना ॲक्सेस पास (त्या क्षेत्रात मासेमारी करण्याची परवानगी) सक्तीचा, तर पारंपरिक आणि लहान नौकांना त्यातून सूट. त्या नियमांखाली मासेमारी व्यवस्थापन आराखडे संबंधितांशी चर्चा करून तयार व्हायचे आहेत. म्हणजे तुमचे म्हणणे मांडण्याची पुढची मोठी संधी तिथे आहे. गोव्याच्या किनाऱ्याला १९८० चा गोव्याचा स्वतंत्र कायदा आहे. वेंगुर्ल्याच्या माणसाने गोव्याच्या मसुद्यावर लिहायला हरकत नाही, पण कलमे मात्र गोव्याच्या कायद्याचीच लिहावीत.

दुसरा प्रश्न: हा मसुदा आहे की अंतिम आदेश? मसुदा अधिसूचनेत 'अमुक तारखेपर्यंत हरकती किंवा सूचना' अशा अर्थाचे वाक्य असते. ते नसेल तर कागद बहुधा अंतिम आहे. शासन निर्णय आणि परिपत्रक यांवर हरकतीची मुदत सहसा नसते. त्यांवर निवेदन देता येते, पण ते देताना 'हरकत' म्हणू नका. विधेयक असेल आणि ते समितीकडे गेले असेल तर समितीच सूचना मागवते, खाते नव्हे.

मासेमारीवर निर्बंध घालणारा प्रत्येक आदेश मसुद्याच्या वाटेने येतोच असेही नाही. १९८१ च्या कायद्याच्या कलम ४ खाली सरकार थेट आदेश काढून क्षेत्र, हंगाम किंवा जाळे यांवर बंधन आणू शकते. फेब्रुवारी २०१६ चा पर्ससीनवरचा आदेश याच कलमाखालचा. अशा वेळी आदेशाआधी आपले म्हणणे पोहोचवण्याची जागा म्हणजे सल्लागार समिती. आपल्या जिल्ह्यातून तिथे कोण बसते हे आजच सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात विचारून ठेवा. बैठक होऊन गेल्यावर हा प्रश्न विचारून काही उपयोग नसतो.

बंदर, जेटी, रासायनिक प्रकल्प यांची जनसुनावणी ही आणखी वेगळी प्रक्रिया. ती पर्यावरण मंजुरीसाठी असते आणि तिची नोटीसही वेगळी निघते. तिथे दिलेले पत्र मासेमारी नियमांच्या हरकतीत मोजले जात नाही, आणि इथले तिथे जात नाही.

तपासा: राजपत्राची मूळ प्रत तुमच्याकडे आहे का? मोबाइलवर फिरणाऱ्या मसुद्यात कधी पाने गळालेली असतात, कधी दोन वर्षांपूर्वीचाच मसुदा पुन्हा फिरत असतो. शासन राजपत्राच्या संकेतस्थळावर भाग चार-ब आणि असाधारण अंक दोन्ही पाहा. अधिसूचना क्रमांक आणि तारीख वहीत उतरवून घ्या. पुढे प्रत्येक कागदावर ती लागणार आहेत.

## टप्पा ३: मुदत मोजा आणि मागून दिवस पाडा

मुदत राजपत्राच्या तारखेपासून मोजायची की प्रत उपलब्ध झाल्यापासून, ते मसुद्यातच लिहिलेले असते. तुम्हाला कागद कधी कळला त्याला अर्थ नाही. ज्या नियमांना पूर्वप्रसिद्धीची अट असते त्यांच्या बाबतीत जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ चे कलम २३ सांगते की मसुदा विचारात घेण्याची तारीख नोटिशीत द्यायची आणि त्या तारखेआधी आलेल्या हरकती-सूचनांचा विचार करायचा. राज्याच्या १९०४ च्या अधिनियमातही तशीच तरतूद आहे. केंद्रीय मंत्रालयांसाठी २०१४ चे पूर्व-विधान सल्लामसलत धोरण किमान ३० दिवस आणि सोबत स्पष्टीकरण-टिपण सांगते. टिपण जोडलेले नसेल तर पहिल्याच आठवड्यात पत्र लिहून मागा. ते मिळाले नाही तरी मागितल्याची नोंद राहते.

शेवटच्या तारखेपासून मागे येत दिवस वाटून घ्या: पाठवणे शेवटच्या दिवसाच्या निदान चार दिवस आधी, संस्थेची बैठक त्याच्या आठवडाभर आधी, पहिला कच्चा मजकूर त्याच्याही आधी. हंगामात मसुदा आला तर नाखवा (नौकामालक) आणि तांडेल समुद्रात असतात. तेव्हा कोण कोणत्या दिवशी बंदरात आहे हे पाहूनच बैठक लावा, नाहीतर ज्यांना खरी माहिती आहे तेच नसतात आणि बोलतात भलतेच. जून-जुलैच्या बंदीत मसुदा आला तर ही अडचण नाही.

मुदतवाढ मागायची असेल तर ती मुदतीच्या आत, कारण देऊन मागा. पण मुदतवाढ मिळेल असे धरून हरकत अडवून ठेवू नका. आहे तेवढी द्या. पुरवणी नंतर देता येते.

## टप्पा ४: मसुदा वाचण्याचा क्रम

बहुतेक जण थेट दंडाच्या कलमावर उडी मारतात. साहजिक आहे: २०२१ च्या दुरुस्तीने एलईडी मासेमारीला (प्रखर दिव्यांनी मासे ओढून पकडण्याला) ५ ते २० लाख आणि विनापरवाना पर्ससीनला १ ते ६ लाखांपर्यंत दंड आला, तेव्हा आकडे डोळ्यात भरणारच. पण दंड कुणाला लागेल हे आधीच्या पानांवर ठरलेले असते. म्हणून आधी व्याख्या, मग कुणाला आणि कुठे लागू, मग बंधन, मग सूट, आणि दंड सगळ्यात शेवटी वाचा.

व्याख्या. मत्स्यगणनेत 'यांत्रिकी' नौका म्हणजे जिचे इंजिन नौका चालवायला आणि जाळे ओढायलाही वापरतात ती, आणि 'मोटारयुक्त' म्हणजे जिचे इंजिन फक्त ये-जा करण्यापुरते असते ती. मसुद्यात ही विभागणी नीट केलेली नसेल तर बाहेरचे इंजिन लावलेली छोटी गिलनेट होडी (कल्ल्यात अडकवून मासे धरणाऱ्या जाळ्याची) मोठ्या ट्रॉलरच्या (जाळे ओढत नेणाऱ्या नौकेच्या) रांगेत जाऊन बसते. तसेच 'पारंपरिक मासेमारी' म्हणजे काय, 'लहान नौका' किती मीटरपर्यंत, 'पर्ससीन' मध्ये मिनी पर्ससीन आणि रिंगसीन येतात का. या शब्दांवर पेन्सिलने खूण करा. निम्म्या हरकती व्याख्येतच दडलेल्या असतात, असे माझे ठाम मत आहे.

अंतर आणि खोली. किलोमीटर, सागरी मैल आणि वाव यांची गल्लत इतकी सर्रास होते की हिशेब भिंतीवर लिहून ठेवावा: १ सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी, १ वाव म्हणजे ६ फूट, सुमारे १.८३ मीटर. गोष्ट आकडेमोडीवर संपत नाही. पालघरसमोर समुद्रतळ हळूहळू उतरतो, सिंधुदुर्गात खोली लवकर मिळते. त्यामुळे 'किनाऱ्यापासून अमुक मैल' आणि 'अमुक वावाच्या आत' या दोन मर्यादा सातपाटीला एक पट्टा देतात आणि मालवणला दुसराच. मसुद्यात मर्यादा कोणत्या मापात आहे आणि आपल्या बंदरासमोर तिचा प्रत्यक्ष पट्टा किती होतो, हे नौकानयनाच्या नकाशावर काढून पाहा. 'ही मर्यादा मैलात नको, वावात हवी' ही नेमकी आणि मान्य होण्याजोगी सूचना आहे. 'मर्यादा रद्द करा' ही तशी नाही.

जाळे. 'कोणतेही जाळे' असे शब्द आले की थांबा. ट्रॉलच्या खोळ्यासाठी (जाळ्याच्या टोकाच्या पिशवीसाठी) योग्य असलेला आस डोलीला लावला तर जवळा, करंदी यांची मासेमारी बंदच पडते. रापणीचा प्रश्न वेगळा, गिलनेटचा वेगळा.

हंगाम. तारखा आपल्या भागातल्या माशांच्या येण्याशी जुळतात का ते टप्पा १ च्या वहीतून पाहा.

सूट आणि अधिकार. 'सक्षम प्राधिकारी योग्य वाटल्यास' असे शब्द दिसले तर विचारा: कोण, किती दिवसांत, आणि नकार दिला तर अपील कुठे?

थांबून तपासा: मसुद्यातली जी कलमे तुम्हाला पटतात त्यांवरही खूण केली का? समर्थनही लिहूनच द्यावे लागते. चांगल्या कलमाविरुद्ध दुसऱ्या गटाच्या हरकती येणारच आहेत, आणि बाजूने एकही पत्र नसले तर तक्त्यात ते कलम एकाकी पडते.

## टप्पा ५: हरकत लिहिणे

एका कलमाला एक परिच्छेद, आणि प्रत्येक परिच्छेदात याच क्रमाने: कलमाचा क्रमांक आणि मूळ शब्द, आपण कोण, अडचण, पुरावा, सुचवलेला पर्यायी मजकूर. शेवटची गोष्ट निम्मे लोक विसरतात. अधिकाऱ्याला मजकूर बदलायचा असतो. तो तयार मिळाला तर उचलला जाण्याची शक्यता वाढते.

एक नमुना पाहा. यातले कलम काल्पनिक आहे.

> मसुदा अधिसूचना क्र. ….., दि. …., खंड ३(ख): 'कोणत्याही जाळ्याच्या खोळ्याचा आस ४० मिमीपेक्षा कमी असणार नाही.'
>
> आम्ही: ….. मच्छीमार सहकारी संस्था, ता. ….., जि. ….. सभासदांच्या नौका प्रामुख्याने डोल जाळ्याच्या.
>
> अडचण: जवळा पूर्ण वाढला तरी काही सेंटिमीटरच भरतो. ४० मिमी आसाच्या खोळ्यात तो राहत नाही. या खंडामुळे जवळा व करंदीची मासेमारी तसेच त्यावरचे सुकवणीचे काम पूर्णपणे थांबेल. हे काम मुख्यतः महिला करतात.
>
> पुरावा: जोडपत्र १ (एका हंगामाची फेरीनिहाय नोंद), जोडपत्र २ (लिलावाची बिले).
>
> सुचवलेला मजकूर: 'कोणत्याही जाळ्याच्या' या शब्दांऐवजी 'ट्रॉल जाळ्याच्या' हे शब्द घालावेत व पुढील परंतुक जोडावे: 'परंतु, डोल जाळ्यासाठी आसाची किमान मर्यादा जिल्हा सल्लागार समितीशी विचारविनिमय करून स्वतंत्रपणे ठरवण्यात येईल.'
>
> पर्यायी सूचना: वरील मान्य नसल्यास, पापलेटची पिल्ले डोलीत सर्वाधिक लागतात त्या महिन्यांपुरते बंधन ठेवावे. आमच्या नोंदीनुसार ते महिने जोडपत्र १ मध्ये दाखवले आहेत.

ती शेवटची पर्यायी सूचना सभासदांना आवडत नाही. 'आपणच आपल्या तोंडाने बंधन का मागायचे?' असे कुणीतरी म्हणतेच. पण डोलीत पिल्ले लागतात हे खात्याला, संशोधकांना आणि शेजारच्या गिलनेटवाल्यालाही माहीत आहे. ते टाळून लिहिलेले पत्र वाचणाऱ्याला अर्धवट वाटते. स्वतः पुढे होऊन तोडगा दिला की तोडग्याच्या अटी निदान तुमच्या असतात.

पत्राला कायद्याचा आधार द्यायचा असेल तर १९८१ च्या कायद्याचे कलम ४(२) वाचा. आदेश काढताना सरकारने काय लक्षात घ्यायचे ते तिथे दिले आहे: मासेमारी करणाऱ्या वेगवेगळ्या घटकांचे, विशेषतः पारंपरिक होड्या वापरणाऱ्यांचे हित, मत्स्यसाठ्याचे संवर्धन आणि शास्त्रीय पायावर नियमन, समुद्रातली कायदा-सुव्यवस्था. तुमचा मुद्दा यांपैकी एकाशी तरी जोडता आला पाहिजे. 'आमचे कर्ज आहे' हे खरे असले तरी एकटे पुरत नाही. 'या बंधनाने पारंपरिक गट बाहेर फेकला जातो आणि साठाही वाचत नाही, कारण तोच मासा पुढच्या पट्ट्यात ट्रॉलमध्ये जातो' हे त्या चौकटीत बसते, अर्थात नोंद तसे दाखवत असेल तरच.

नेहमीच्या चुका:

- दुसऱ्या गटाला शिव्या. 'पर्ससीनवाले समुद्र लुटतात' या वाक्यातून तक्त्यात उतरवण्याजोगे काहीच निघत नाही. त्यांची कोणती कृती, कुठे आणि कधी, हे लिहा.
- एकाच मजकुराच्या असंख्य प्रती. त्या एक हरकत म्हणून धरल्या जातात. त्यापेक्षा पाच-सहा जणांची पत्रे वेगवेगळी असू द्या: नौकामालक, खलाशी, मासळी विक्रेती, बर्फ कारखानदार, वाहतूकदार. मूळ मुद्दा एकच असेल, पण प्रत्येकाने आपल्या धंद्यावरचा परिणाम लिहावा. हरकतीसाठी मासेमारी परवाना लागत नाही.
- वर्तमानपत्राची कात्रणे पुरावा म्हणून जोडणे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची आवकेची आकडेवारी मिळत असेल तर ती जोडा, आणि आपली वही.
- आधार कार्डाची प्रत. नाव, गाव, नौकेचा नोंदणी क्रमांक असल्यास तो आणि संपर्क एवढे पुरे.

## टप्पा ६: हौशी गरवणाऱ्यांसाठी वेगळे चार शब्द

खडपावर, जेटीवर गरी टाकून बसणारे किंवा शनिवार-रविवारी भाड्याच्या होडीतून गळाने मासेमारीला जाणारे लोक हरकतींच्या प्रक्रियेत दिसतच नाहीत. नियम धंदेवाल्यांसाठी आहेत असे त्यांना वाटते. मसुद्यातली 'मासेमारी', 'मासेमारी नौका' आणि 'मासेमारी करणारी व्यक्ती' या तीन व्याख्या वाचा. भाड्याची होडी त्यात आली तर परवाना, जीवरक्षक साधने, बंदीचा काळ हे सगळे तिलाही लागू होते, आणि होडीवाला स्थानिक मच्छीमारच असतो. त्याच्याशी न बोलता पत्र पाठवू नका.

तुमच्या गटाकडून उपयोगी पडेल अशी सूचना 'आम्हाला वगळा' ही नाही. जिताडा, तांबोशी, गोबरा अशा जातींसाठी किमान लांबी, एका व्यक्तीला दिवसाला किती मासे, पकडलेला मासा विकायला बंदी, अंडी घालण्याच्या काळात जिवंत सोडणे, असे स्वतःवरचे नियम नेमक्या शब्दांत सुचवा. गळाने पकडलेले मासे विकून पोट भरणारा आणि हौस म्हणून गरवणारा यांत फरक करणारी व्याख्याही द्या, नाहीतर तुमच्या सूचनेचा फटका पागोळीवर आणि हातदोरीवर जगणाऱ्याला बसेल.

## टप्पा ७: संस्थेचा ठराव

ठरावाने वजन वाढते, पण तो नियमाने झालेला हवा. सर्वसाधारण सभेची नोटीस उपविधीत दिलेल्या दिवसांआधी द्यावी लागते आणि हरकतीच्या मुदतीत ती पुष्कळदा बसत नाही. म्हणून बहुतेक वेळा व्यवस्थापक समितीचा ठराव पुरेसा मानून पुढे जावे. विषयपत्रिकेवर हा विषय स्वतंत्र क्रमांकाने घ्या. 'ऐनवेळचे विषय' मध्ये घातलेला ठराव विरोधी गट सहज खोडून काढतो.

ठरावात अधिसूचना क्रमांक, कलमे, सूचक, अनुमोदक, गणपूर्ती, ठराव क्रमांक, चेअरमन आणि सचिवांची सही, शिक्का. 'सदर नियमांस विरोध करण्यात येत आहे' एवढ्यावर थांबू नका. 'सोबतच्या हरकतपत्रातील मजकूर मान्य करून तो सादर करण्यात येत आहे' असे लिहा, म्हणजे पत्र आणि ठराव एकमेकांना जोडले जातात.

संस्थेत ट्रॉलर आणि डोल दोन्हीचे सभासद असतील तर एकमत होणार नाही. ओढूनताणून गुळमुळीत ठराव करण्यापेक्षा दोन गटांनी दोन पत्रे द्यावीत हे बरे.

## टप्पा ८: पाठवणे

पत्ता मसुद्यात दिलेलाच वापरा. कधी तो मंत्रालयातल्या विभागाचा असतो, कधी आयुक्तांचा. जिल्हा कार्यालयात दिलेले पत्र वर जाईल या भरवशावर राहू नका. तिथे फक्त प्रत द्या.

हाती देणार असाल तर दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊनच बाहेर पडा. टपालाने पाठवणार असाल तर स्पीड पोस्टची पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा. ईमेलचे शीर्षक 'मसुदा अधिसूचना क्र. ….. वरील हरकती, खंड ३ व ७' असे असू द्या, मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला, जोडपत्रांची एकच पीडीएफ. हाताने लिहिलेल्या पानाचा अंधुक फोटो पाठवला तर तो कुणी वाचत बसत नाही, हे कटू असले तरी खरे आहे.

केंद्राचा मसुदा इंग्रजी-हिंदीत असला म्हणून गप्प बसू नका. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. मराठीत सविस्तर लिहा आणि वर अर्ध्या पानाचा इंग्रजी गोषवारा जोडा. गोषवारा हक्कासाठी नाही. दिल्लीतल्या टेबलावर तो वाचला जावा यासाठी.

तपासा: अधिसूचना क्रमांक बरोबर? कलमे मूळ मसुद्याशी जुळतात? जोडपत्रांना क्रमांक? सही? तारीख मुदतीच्या आत?

## टप्पा ९: बैठक किंवा सुनावणी लागली तर

सभेत बोललेले शब्द इतिवृत्तात कसे उतरतील यावर आपला ताबा नसतो. म्हणून लेखी पत्र आधी, बोलणे नंतर. बोलायला दोन-तीन मिनिटेच मिळतील असे धरा: कलम, अडचण, पर्याय. एकाच गावच्या चार जणांनी तेच बोलण्यापेक्षा कलमे वाटून घ्या. तांडेलाला बोलू द्या. कागद वाचून दाखवणाऱ्या पुढाऱ्यापेक्षा त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देता येते. उपस्थितीपत्रकावर सही केल्याशिवाय निघू नका, आणि इतिवृत्ताची प्रत लेखी मागा.

## टप्पा १०: पत्र दिल्यानंतर

इथे बहुतेकांचे काम संपते, खात्याचे मात्र इथून पुढे सुरू होते. दीड-दोन महिन्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, शुल्क १० रुपये. 'माझ्या हरकतीचे काय झाले' असे विचारू नका. कागद मागा: प्राप्त हरकतींचा कलमवार तक्ता, त्यावरचे अभिप्राय, सल्लागार समितीच्या बैठकीचे इतिवृत्त. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील.

अंतिम अधिसूचना निघाली की ती मसुद्याशेजारी ठेवून ओळीने वाचा. तीन रंगांच्या पेनांनी खुणा करा: बदललेले, न बदललेले, आणि मसुद्यात नव्हतेच असे नव्याने घुसलेले. तिसऱ्या रंगाकडे विशेष लक्ष द्या. मसुद्यात नसलेले मोठे बंधन अंतिम नियमात आले तर त्यावर हरकत घ्यायची संधीच कुणाला मिळाली नव्हती, आणि हा मुद्दा निवेदनात तसेच पुढे न्यायालयातही मांडण्याजोगा ठरतो. वकिलाकडे जाताना शिक्क्याची प्रत, ठराव, तक्ता आणि ही तीन रंगांची प्रत एकाच फाइलीत घेऊन जा.

आणि वही चालू ठेवा. नियम लागू झाल्यानंतरच्या हंगामाची नोंद आधीच्या हंगामाशेजारी ठेवता आली, तर दुरुस्ती मागणारे पुढचे पत्र लिहायला महिनाभर लागणार नाही.